विणीचा हंगाम नसताना जवळच्या जातींचे समुद्रपक्षी पाणी कसं वाटून घेतात, आणि उजनीवर ते कसं तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. करमाळा तालुक्यात केत्तूरच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात दोन-तीन तऱ्हांचे कुरव (गल) आणि तितक्याच तऱ्हांचे सुरय (टर्न) एकाच पाण्यावर दिसतात. समुद्रपक्ष्यांच्या जवळच्या जाती विणीचा हंगाम संपला की समुद्र आपसांत वाटून घेतात, असं तुम्ही वाचलंत. मग इथे हे सगळे एकत्र कसे? समुद्रावर खरंच वाटणी होते का? आणि सोलापुरात राहून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हे तपासता येईल का?

तपासता येईल. पण त्याआधी प्रश्नाचे दोन तुकडे करून घ्या, नाहीतर प्रकल्प अर्ध्यात अडकतो. पहिला तुकडा: दोन जातींची खायची जागा, वेळ, रीत किंवा भक्ष्य वेगळं आहे का? हे मोजता येतं. दुसरा तुकडा: हे वेगळेपण एकमेकांच्या स्पर्धेमुळे आलं आहे का? याला जास्त पुरावा लागतो आणि बहुतेक प्रकल्पांत तो नसतो. नकाशावर दोन जाती वेगळ्या दिसल्या की लगेच 'स्पर्धा टाळण्यासाठी' असं लिहून मोकळं होण्याची सवय फार पसरली आहे. दोन जातींचे पूर्वज वेगळ्या प्रदेशात वाढले असतील, एकीला पिसं झडताना शांत पाणी लागत असेल, एकीचं शरीर थंडीत टिकणारं असेल, तरीही नकाशा असाच दिसेल.

विणीच्या काळात पक्षी घरट्याला बांधलेला असतो. अंडी उबवायची, पिलाला भरवायचं, म्हणजे कितीही लांब गेलं तरी ठरावीक वेळात परत यावं लागतं. एका बेटावर दोन जवळच्या जाती असतील तर दोघींना बेटाभोवतीचंच पाणी मिळतं. तिथे फरक पडतो तो कोण किती लांब जातं, किती खोल बुडी मारतं, काय उचलतं यात. पिलं उडाली की ही दोरी तुटते आणि आख्खा समुद्र मोकळा होतो. त्यामुळे विणीबाहेरच्या काळात सगळ्यात मोठी वाटणी बहुधा जागेची असते. 'बहुधा' म्हणतो, कारण हे त्या वर्षीच्या अन्नावर, पिसं झडण्याच्या वेळेवर आणि पक्ष्याच्या उडण्याच्या ताकदीवर अवलंबून आहे.

दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरच्या दोन अल्बाट्रॉसचं (लांब पंखांच्या मोठ्या समुद्रपक्ष्यांचं) उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. काळ्या भुवईचा आणि राखाडी डोक्याचा हे दोघे आकाराने जवळपास सारखे आणि शेजारी-शेजारी वीण घालणारे. पहिला दर वर्षी वीण घालतो. दुसऱ्याची वीण यशस्वी झाली तर तो पुढचं वर्ष सुट्टी घेतो. वीण संपल्यावर साउथ जॉर्जियाचे काळ्या भुवईचे पक्षी बहुतांशी आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याकडे, बेंग्वेला प्रवाहाच्या पाण्यावर जातात. तिथे खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, मासे भरपूर असतात आणि मासेमारी बोटींचा टाकाऊ मालही मिळतो. राखाडी डोक्याचा मात्र खोल समुद्राचा पक्षी आहे. त्यातल्या काहींनी अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागराची पूर्ण प्रदक्षिणा केल्याची नोंद आहे आणि सर्वात वेगवान फेरी ४६ दिवसांची होती. म्हणजे एकाला किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र लागतो आणि दुसऱ्याला खुला महासागर. शिवाय एकाचं वर्ष बारा महिन्यांचं आणि दुसऱ्याचं चोवीस महिन्यांचं, त्यामुळे वेळापत्रकही जुळत नाही. यात स्पर्धेचा वाटा किती आणि शरीररचनेचा किती, हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही.

उत्तर अटलांटिकमधल्या दोन गिलेमॉटची (बुडी मारून मासे पकडणाऱ्या समुद्रपक्ष्यांची) गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. साधा गिलेमॉट आणि ब्रुनिखचा गिलेमॉट ही एकाच प्रजातीगटातली भावंडं. दोघांचंही वजन किलोच्या आसपास आणि दोघेही पंख वल्ह्यासारखे वापरून खोल जातात. ब्रुनिखच्या गिलेमॉटची बुडी २०० मीटरच्याही खाली गेल्याची नोंद आहे. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की ते पुरतं उडता येत नसतानाच बापाबरोबर समुद्रात उतरतं. त्यानंतर मोठ्या पक्ष्यांची उड्डाणपिसं एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. प्रकल्प करणाऱ्याने लक्ष द्यावं ते इथे. विणीबाहेरचा काळ म्हणजे पूर्ण मोकळीक असं आपण धरून चालतो, पण हा पक्षी त्याच काळात सर्वात जास्त अडकलेला असतो. भरवशाचं अन्न जिथे, तिथेच त्याला बसावं लागतं. पुढे हिवाळ्यात सर्वसाधारणपणे ब्रुनिखचा उत्तरेकडे, बर्फाच्या कडेजवळच्या थंड पाण्यात राहतो आणि साधा त्याच्या दक्षिणेला. जिथे दोघांची हद्द एकमेकांवर येते तिथे साधा मुख्यतः माशांवर जगतो, तर ब्रुनिखच्या ताटात कवचधारी प्राणी आणि माखली यांचा वाटा जास्त असतो. जागेची वाटणी अपुरी पडली की भक्ष्याची वाटणी पुढे येते, असा हा नमुना.

आपल्या अरबी समुद्रातही अशी एक जोडी आहे. काजळी सुरय आणि लगामी सुरय हे दोघेही वरून गडद, खालून पांढरे आणि लांबून सहज गोंधळात टाकणारे. काजळी सुरय खऱ्या खोल समुद्राचा. त्याची पिसं पाण्यात लवकर भिजतात, म्हणून तो पाण्यावर जवळजवळ बसतच नाही आणि ट्यूनासारख्या मोठ्या माशांनी वर हाकललेले छोटे मासे उडता-उडता उचलतो. लगामी सुरय किनाऱ्याला त्या मानाने जवळ राहतो आणि तरंगत्या लाकडावर, शेवाळावर, कधी कासवाच्या पाठीवर बसून विसावा घेतो. वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण घालणारा हाच. दोघांचा फरक असा की एकाला बसायला काहीतरी तरंगतं लागतं आणि दुसऱ्याला लागत नाही. एवढ्या छोट्या गोष्टीने समुद्राचे दोन पट्टे पडतात.

याच उदाहरणात उलट बाजूही आहे. लक्षद्वीपचे मच्छीमार ट्यूना शोधायला पक्ष्यांच्या थव्यावर नजर ठेवतात, कारण खाली ट्यूनाने माशांचा गोळा वर दाबला की सुरय, नॉडी, शिअरवॉटर असे समुद्रपक्षी सगळे एकत्र तुटून पडतात. एकत्र दिसणं म्हणजे दर वेळी भांडण नसतं. उष्ण समुद्रात अन्न विखुरलेलं असतं आणि एका जातीने शोधलेला माशांचा गोळा दुसरीला लांबूनच दिसतो. एकत्र असण्याचा दोघींना फायदा होतो. तुमच्या मार्गदर्शकांनी 'एकत्र आहेत म्हणजे वाटणी नाही' असं म्हटलं तर हे उदाहरण त्यांच्यासमोर ठेवा.

आणखी एक सापळा नर-मादीचा. भटक्या अल्बाट्रॉसमध्ये माद्या साधारणपणे उत्तरेकडच्या उबदार पाण्यात आणि नर दक्षिणेकडे जातात. महाकाय पेट्रेल या दक्षिणेकडच्या मोठ्या समुद्रपक्ष्यांमध्ये, निदान विणीच्या काळात, नर किनाऱ्यावरच्या मेलेल्या सील आणि पेंग्विनवर ताव मारतात, तर माद्या समुद्रावर भक्ष्य शोधतात. अशा ठिकाणी एकाच जातीतल्या नर-मादीतला फरक दोन जातींमधल्या फरकाहून मोठा निघू शकतो. तुमच्या हाती आलेल्या नमुन्यात एका जातीचे नर जास्त आणि दुसरीच्या माद्या जास्त असतील, तर तुम्ही जातींची नव्हे, लिंगांची तुलना करून बसाल. जास्त खोलात जात नाही, पण लहान-मोठ्या वयाचंही हेच.

हे सगळं कळतं कसं? बरंचसं प्रकाश मोजणाऱ्या छोट्या यंत्रांवरून, ज्यांना जिओलोकेटर म्हणतात. ग्रीनलँड आणि आइसलँडच्या आर्क्टिक सुरयांवर १.४ ग्रॅमचं यंत्र लावलं होतं, आणि तो पक्षी जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. यंत्र फक्त उजेड नोंदवतं. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश काढतात आणि मध्यान्ह किती वाजता झाली त्यावरून रेखांश. वर्षाने तोच पक्षी घरट्यावर पुन्हा पकडला तरच माहिती हाती येते. यात सरासरी चूक दीड-दोनशे किलोमीटरची, म्हणजे सोलापूर ते बारामती सरळ रेषेत धरा तेवढी. त्यामुळे नकाशावर दोन जाती एकमेकींवर आल्या म्हणजे त्या खरंच एका पाण्यावर आहेत असं होत नाही. गार आणि उबदार पाण्याची सीमारेषा कित्येकदा याहून कितीतरी अरुंद असते. शिवाय २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आगेमागे दोन-तीन आठवडे सगळीकडे दिवस-रात्र सारखीच असते, त्यामुळे अक्षांश निघतच नाही. नेमका तोच पुष्कळ जातींच्या स्थलांतराचा काळ. कोणताही शोधनिबंध वाचताना या आठवड्यांचं काय केलं आहे ते आधी पाहा.

बऱ्याच यंत्रांत खाऱ्या पाण्याचा स्पर्श नोंदवणारा भागही असतो. पक्षी किती वेळ ओला आणि किती वेळ कोरडा, यावरून तो रात्री खातो की दिवसा हे समजतं. जागा एकच असून वेळ वेगळी, अशी वाटणी पकडायला याच नोंदी उपयोगी पडतात.

दुसरी पद्धत पिसांची. पीस एकदा वाढलं की त्यात बदल होत नाही, म्हणून ते वाढत होतं त्या काळातलं अन्न त्यात साठून राहतं. नायट्रोजनचं जड समस्थानिक अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला साधारण हजारी ३ ते ५ ने वाढतं. कार्बनवरून किनारा की खोल समुद्र, थंड की उबदार पाणी, याचा अंदाज येतो. इथे होणारी चूक ठरलेली: दोन वेगळ्या समुद्रांतल्या पक्ष्यांचा नायट्रोजन सारखा आला म्हणून त्यांचं अन्न सारखं, असं धरणं. दोन समुद्रांची सुरुवातीची पातळीच वेगळी असते. ती माहीत नसताना केलेली तुलना टिकत नाही.

आता उजनी. यंत्र लावणं, पक्षी पकडणं, ओळखीसाठी पायात कडी घालणं हे तुमच्या प्रकल्पात येणार नाही. त्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत तुमचं वर्ष संपेल. दुर्बीण, वही आणि शिस्त एवढ्यावर काम होतं. मात्र कुरवांवर प्रकल्प करू नका. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात दोघेही पांढऱ्या डोक्याचे होतात आणि दोघेही मिळेल ते खातात. होड्यांमागे फिरतात, आणि जिथे पर्यटक शेव-फरसाण टाकतात तिथे तर वाटणीचा प्रश्नच उरत नाही. ओळखायचेच असतील तर पंखाचं टोक पाहा. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके, तर काळ्या डोक्याच्या पंखाची पुढची कड पांढरी. डोळ्याच्या रंगावर विसंबू नका, तपकिरी डोक्याच्या पिलाचा डोळाही गडद असतो.

सुरय घ्या. उजनीवर तीन सुरय असे आहेत की त्यांच्या खाण्याच्या रीती काठावरूनच वेगळ्या दिसतात. नदी सुरय मोठा, पिवळसर चोचीचा आणि लांब दुभंगलेल्या शेपटीचा. तो हवेत थबकून पाण्यात सूर मारतो. मिशीवाला सुरय लहान, आखूड गडद चोचीचा. तो पाण्यावरून खाली-वर होत चोचीने वरच्यावर टिपतो, अंग क्वचितच भिजवतो. तिसरा कुरवासारख्या जाड काळ्या चोचीचा. तो सूर फारसा मारत नाही, ओल्या चिखलावरून आणि गाळपेराच्या शेतांवरून उडत किडे, बेडूक, सरडे उचलतो. प्रकल्पाला पहिले दोन पुरेत, तिसरा जोडीला ठेवा.

पण इथे एक अडचण आहे आणि तीच प्रकल्पाची खरी गंमत आहे. मिशीवाला आणि जाड चोचीचा हे हिवाळी पाहुणे, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. नदी सुरय मात्र इथलाच, आणि त्याची वीण साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत, उघड्या पडलेल्या बेटांवर. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी एक जात घरट्याला बांधली जाते आणि दुसरी मोकळीच असते. नोव्हेंबर ते जानेवारी आणि त्यानंतरचा काळ या दोन वेगळ्या वह्या समजा, एकत्र करू नका. बेटावर उतरू मात्र नका, उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळात खराब होतात.

नोंदीची पद्धत अशी ठेवा. काठावर दोन ठिकाणं पक्की करा, एक उथळ चिखलाचं आणि एक खोल पाण्याचं. सकाळी सात ते दहा आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा म्हणजे सूर्य पाठीशी येईल. समोर ऊन असेल तर चोचीचा रंग दिसत नाही आणि चुकीची ओळख सर्वात जास्त तिथेच होते. ८x४२ ची दुर्बीण चालते, तिकाटण्यावरची स्पॉटिंग स्कोप मिळाली तर उत्तम. दर दहा मिनिटांनी डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवा आणि प्रत्येक जातीचे किती पक्षी बसलेले, किती नुसते उडणारे, किती खाणारे ते लिहा. मधल्या वेळात खाणारा एकच पक्षी निवडून दोन मिनिटं त्याच्या मागे राहा: प्रयत्न किती, यश किती, रीत कोणती (टिपणं, सूर, चिखलावरून उचलणं, दुसऱ्याचं हिसकावणं), काठापासून अंतर किती. अंतराचे पट्टे आधीच ठरवा, ० ते १०, १० ते ५०, ५० ते २०० मीटर आणि त्यापुढे. खोली मच्छीमारांना विचारा आणि एकदा होडीतून वजन बांधलेल्या दोरीने पडताळून घ्या, दर मीटरला गाठ मारून.

विश्लेषणात फक्त खाणारे पक्षी घ्या. बसलेल्या पक्ष्यांवरून वाटणी ठरवणं म्हणजे एसटी स्टँडवर बसलेली माणसं मोजून कोण कोणत्या शिवारात राबतो ते सांगणं. संध्याकाळी सगळे सुरय एका चिखलाच्या पट्टीवर रातथाऱ्याला येतात, त्यातून अन्नाबद्दल काहीच कळत नाही. २०० मीटरच्या आत जाळं ओढलं जात असेल तर त्या नोंदीपुढे खूण करा आणि ती वेगळी मोजा.

आकडेमोड सोपी आहे. समजा, मिशीवाल्याच्या नोंदी चिखलावर १०, काठाच्या उथळ पाण्यावर ६० आणि मधल्या पाण्यावर ३० टक्के. नदी सुरयाच्या ०, ३० आणि ७०. प्रत्येक ठिकाणचा लहान आकडा घ्या आणि बेरीज करा: ० + ३० + ३० = ६०. जागेत ६० टक्के सामायिक. रीतीचंही तसंच: मिशीवाला टिपणं ९०, सूर १०, नदी सुरय टिपणं २०, सूर ८०. बेरीज २० + १० = ३०. आता दोन्हींचा गुणाकार करून '१८ टक्के' असं लिहिण्याचा मोह होईल. जागा आणि रीत एकमेकांवर अवलंबून नसतील तरच तो चालतो. सूर मारायला थोडी खोली लागतेच, म्हणजे इथे त्या एकमेकांशी बांधलेल्या असण्याची शक्यता दाट. म्हणून जागा आणि रीत यांचा एकत्र तक्ता करून त्यावरच बेरीज काढा.

नमुन्याचा आकडा फुगवू नका. एका थव्यातले चाळीस सुरय म्हणजे चाळीस नोंदी नव्हेत, ते एकमेकांना पाहून तिथे आलेले असतात. मोजणीचा एकक दिवस धरा. योगायोगाने किती सामायिकता येईल हे तपासायला संगणकावर नोंदी पत्त्यांसारख्या पिसायच्या असतील, तरी दिवसांचे गठ्ठे पिसा, सुटे पक्षी नव्हे. नोव्हेंबर ते जानेवारी किमान दहा-बारा दिवस आणि दर जातीचे वेगवेगळ्या दिवशी पाहिलेले तीसेक खाणारे पक्षी एवढं जमलं, तर निष्कर्षाला बळ येतं.

उजनीचं पाणी हा सर्वात मोठा गोंधळ घालणारा घटक. पावसाळ्यानंतर भरलेलं धरण कालव्याचं पाणी सुटलं की उतरत जातं आणि चिखलाचे पट्टे वाढतात. जाड चोचीचे सुरय जानेवारीत वाढले, तर ते नदी सुरयापासून दूर गेले असं नव्हे, त्यांना हवा तो चिखल आता उघडा पडला एवढंच असू शकतं. म्हणून प्रत्येक दिवसाची धरणाची पाणीपातळी नोंदीला जोडा. ती रोज जाहीर होते.

आता दुसऱ्या तुकड्याकडे, म्हणजे स्पर्धेकडे. त्याचा एकच प्रामाणिक मार्ग तुमच्या आवाक्यात आहे: एक जात नसलेली जागा शोधा. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर किंवा एखाद्या लहान पाझर तलावावर ज्या दिवशी नदी सुरय नसेल, त्या दिवशी मिशीवाला मधल्या पाण्यावर जास्त जातो का ते पाहा. जात असेल तर स्पर्धेकडे बोट दाखवता येतं. जात नसेल आणि काठावर टिपतच राहिला, तर त्याची चोच आणि शरीरच त्याला तिथे ठेवतंय. समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासातही एकटी जात असलेलं बेट आणि दोन्ही जाती असलेलं बेट यांची तुलना याच कारणाने करतात. मात्र हिप्परगा आणि उजनी यांत आकाराचा, खोलीचा, माशांचा फरक मोठा आहे. म्हणून नुसती दोन तलावांची तुलना करू नका. त्याच तलावावर नदी सुरय असलेले आणि नसलेले दिवस ताडून पाहा.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिल्या दोन फेऱ्या फक्त ओळख पक्की करायला ठेवा आणि त्या नोंदी आकडेमोडीत घेऊ नका. त्या फेऱ्यांत सोबत्याने आणि तुम्ही एकाच थव्याची वेगवेगळी नोंद करा आणि रात्री ताडून पाहा. रीतीच्या नोंदीत दहातल्या दोनपेक्षा जास्त ठिकाणी मतभेद निघाले तर 'टिपणं' आणि 'सूर' यांची व्याख्या आधी लिहून घ्या: डोकं पूर्ण पाण्याखाली गेलं तर सूर, नुसती चोच बुडाली तर टिपणं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खरी वही सुरू करा.